दाजींच्या कपाळावरचा चट्टा

फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला ठिबकच्या नळ्या बांधून देत होतो. कोऱ्हाळ्याचा एक ओळखीचा माणूस बोलत होता. म्हणाला, "दत्ताभाऊ, तुमच्या दाजींच्या डोस्क्यावर मोळी पडली." मी भडकलो. माझं भडकणं तालुक्याला माहीत आहे, त्याला कारण लागतंच असं नाही. पण या वाक्याला मी गेली आठ वर्षं भडकत आलोय. म्हणालो, "त्याला आठ वर्षं झाली. आज फोन करून सांगतोयस व्हय?" मग तो बाप्या हुंदका देऊन म्हणाला, "तसं न्हाय वो... आत्ता पडली. सगळी ट्रॉलीच पडली त्यांच्यावर."

दाजी म्हणजे संपतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, शालन अक्काचे यजमान. सोमेश्वरनगरच्या अलीकडच्या वळणावर त्यांच्या भरल्या ट्रॉलीचा टायर बसला होता. जॅक लावायला ते खाली वाकले, जॅक सटकला, ट्रॉली कलली आणि दोर तोडून सगळा ऊस अंगावर आला. बाजूच्या उसाच्या फडातल्या तोडकऱ्यांनी कोयते टाकून हातांनी मोळ्या उपसल्या. बारामतीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पंचनामा चालू होता. मी चादर वर केली. चेहऱ्याचं काय झालं होतं ते मी इथं लिहिणार नाही. कपाळ मात्र तेवढं शाबूत होतं, आणि त्या कपाळावर, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत, बोटभर रुंदीचा तो गुळगुळीत, काळपट पडलेला चट्टा. हवालदारानं विचारलं, "हा जुना व्रण कशाचा?" जमलेले पाहुणे एकसुरात म्हणाले, "मोळी पडली हुती, आठ वर्सांमागं." हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, कारण सही मी करणार होतो. अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनंही माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मोळीच." त्यानं तसं लिहून घेतलं आणि मी खाली सही ठोकली.

ते खोटं होतं. आठ वर्षांपूर्वी दाजींवर कसलीही मोळी पडली नव्हती. तो चट्टा मी केलाय, या उजव्या हातानं. दाजींना जाऊन आता दीड महिना होत आला. हे आज लिहितोय, कारण ज्यांच्यासमोर आधी बोलायला हवं होतं त्यांच्यासमोर गेल्या आठवड्यात बोलून आलोय.

आमचे तात्या लवकर गेले, त्यामुळं अक्काचं लग्न जमवणं माझ्याकडं आलं. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण मिजास बापाची. मध्यस्थानं आणलेली दोन स्थळं मी एकाच कारणावरून परत लावली होती. पळसदेवच्या आमच्या ओट्यावर, चार माणसांत, मोठ्यानं म्हणालो होतो, "टकल्याला बहीण देत नसतो मी. फोटोत काय दिवा लावायचाय का?" लोक हसले, मलाही मोठा विनोद केल्यासारखं वाटलं. मग कोऱ्हाळ्याचं स्थळ आलं. घरचा ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, व्यसन नाही, घरात फक्त आई. आणि मुलाच्या डोक्यावर काळेभोर, मागं वळवलेले केस. बघण्याच्या कार्यक्रमात मी सगळं विचारलं, विहिरीला पाणी किती महिने टिकतं इथपर्यंत. केसांबद्दल काय विचारायचं? उलट घरी येताना अक्काला म्हणालो, "केस बघितलेस का नवऱ्या मुलाचे? नशीब काढलंस." लग्नात अक्षता पडल्या तेव्हा दाजी दोन्ही हातांनी फेटा धरून उभे होते. मला वाटलं, लाजतायत.

तो विग होता. बारामतीतल्या एका सलूनवाल्यानं बसवून दिलेला. डोक्याच्या कडेनं कातडीवर गोंद लावायचा, वर जाळी दाबून बसवायची, दोन-तीन आठवड्यांनी सलूनमध्ये जाऊन काढून, धुऊन, पुन्हा चिकटवायची. दाजी हे सगळं पहिले तीन महिने नीट करत होते. मग कारखाना सुरू झाला. फडातून ऊस भरायचा, कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत दीड-दीड दिवस सीटवर बसून काढायचा, की पुन्हा फड. बारामतीला जायला सवड कुठली? घामानं कड सुटायला लागली आणि सुटलेली कड अक्काला दिसेल या धास्तीनं त्या शहाण्या माणसानं काय केलं असेल? ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधलं पंक्चरचं सोल्युशन घेतलं आणि कपाळाला लावलं. ट्यूबला ठिगळ बसतं, मग केसांना का बसू नये, हा त्यांचा हिशेब. ते काढायचं झालं की विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कडी लावून बसायचे आणि डिझेलच्या बोळ्यानं घासून काढायचे. आग झाली की वर खोबरेल. दुसऱ्या दिवशी त्याच सोललेल्या कातडीवर पुन्हा सोल्युशन. झोपतानाही विग काढायचा नाही. हे सगळं मला पुढं त्यांच्याच तोंडून कळलं, आणि ऐकताना माझ्याच कपाळाची आग झाली.

संक्रांतीच्या सुमाराला अक्काला त्यांच्या कानशिलावर फोड दिसले. पाण्यानं भरलेले, लालभडक, ओळीनं. चार दिवसांत ती ओळ कानामागून मानेकडं निघाली. दुसऱ्या बाजूनंही तशीच. अक्का आणि तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, दोघींनी एकदमच ओळखलं... नागीण! आमच्याकडं अजून लोक मानतात की नागीण अंगाभोवती फिरते, आणि तिचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस हातचा गेला. इथं तर ती डोक्याला वेढा घालून निघालेली. मानेवर फक्त चार बोटांचं अंतर उरलं होतं. मावशींनी पोराच्या केसांच्या कडेला हात लावून मोजलं आणि त्या मटकन खाली बसल्या. मुलाला टक्कल पडलंय हे त्यांना ठाऊक होतं, विगचंही ठाऊक होतं. पण तो विगचा गोंद अंग जाळतोय हे त्या माउलीच्या डोक्यात कसं यावं? दाजींच्या मात्र पक्कं लक्षात आलं होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य ते बोलले नाहीत. बायकोसमोर टकल्या ठरण्यापेक्षा नागीण झालेला बरा, असं त्यांनी ठरवलं आणि गप्प बसले.

अक्कानं रडत मला फोन केला. पळसदेवजवळ एक म्हातारबा नागीण उतरवायचे. काव, म्हणजे गेरू, उगाळून तिचा लेप फोडांवर ओढायचे. मी जीप घेऊन गेलो, दाजींना जवळजवळ उचलूनच आणलं, अक्काला आमच्या घरी सोडलं आणि दाजींना घेऊन म्हातारबांच्या अंगणात गेलो. म्हातारबांनी फोड पाहिले, कावेची वाटी जवळ ओढली आणि म्हणाले, "कडंचं केस कातरावं लागत्याल. लेप कातड्याला भिडाया पायजे." त्यांनी कात्री उचलली तसे दाजी उठून पळायला लागले. मी आडवा आलो. "नको, दत्ताभाऊ, नको... तसंच लावा," ते काकुळतीला आले. माणूस मरायला टेकलाय आणि याला केसांची पडलीय, असं वाटून माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "बसा खाली! केस काय परत येत न्हायती?" डोकं हलू नये म्हणून मी त्यांचे केस मुठीत धरले.

मुठीतले केस सरकले. एका बाजूनं जाळी वर आली आणि खाली पांढरीफटक टाळू दिसली. मला समजायला एक श्वास लागला असेल. तेवढ्यात मी थांबायला हवं होतं. समोर म्हातारा माणूस, अंगणात बायका-पोरं, खाली बसलेला माझ्या बहिणीचा नवरा हात जोडतोय... मी ओढलं. सगळ्या ताकदीनं, ऊस उपटावा तसं मागं ओढलं. कपाळाच्या बाजूला ते सोल्युशन दगडासारखं धरून बसलं होतं. ते सुटलं नाही, कातडी सुटली. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी या कानापासून त्या कानापर्यंत पट्टी निघाली. दाजी ओरडले, तसलं ओरडणं मी पुन्हा ऐकलं नाही. रक्त डोळ्यांत उतरलं, भुवया लाल झाल्या. आणि त्या आंधळ्या झालेल्या तोंडावर मी दोन थोबाडीत मारल्या. एक नाही, दोन. "फसवलंस! माझ्या बहिणीला फसवलंस!" म्हातारबा माझ्या पाठीत काठी घालत होते, "आरं सोड, मरंल त्यो!" म्हणत होते. मी दाजींना गचांडी धरून जीपमध्ये टाकलं. विग माझ्या हातातच होता. त्याच्या कडेला त्यांचं कातडं चिकटलेलं होतं.

अक्का परसात विळीवर चिलापी मासे साफ करत होती. मी विग तिच्यासमोर फेकला आणि म्हणालो, "हे बघ तुझा नवरा. बोचकं बांधायची गरज न्हाय, आता तू हितंच ऱ्हायचं." तिनं विग पाहिला. मग दारात खांबाला धरून उभे असलेले दाजी पाहिले. तिला त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ती उठली, खवल्यांनी भरलेल्या हातानं तिनं माझ्या कानाखाली असा आवाज काढला की विळीजवळचं मांजर पळालं. "केस बाजारात मिळत्यात, दत्ता," ती म्हणाली. "हे कातडं कुठनं आनू मी?" मग तिनं पदर फाडला, त्यांच्या कपाळाला बांधला आणि मला म्हणाली, "गाडी काढ." त्यानंतर त्या विषयावर आठ वर्षांत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

बारामतीच्या डॉक्टरीण बाईंनी जखम पाहून विचारलं, "कसं झालं हे?" मी दारात उभा होतो. दाजींनी मला पोलिसात द्यायचं तर ती वेळ होती. आणि त्यांनी दिलं असतं तर मी मुकाट्यानं गेलो असतो की नाही, आज सांगता येत नाही. दाजी म्हणाले, "मोळी पडली, बाई. ट्रॉलीवरनं." बाईंनी माझ्या शर्टावरचं रक्त पाहिलं, अक्कानं बरोबर आणून टेबलावर ठेवलेला विग पाहिला आणि त्या म्हणाल्या, "मोळीला बोटं असतात वाटतं." पुढं काही विचारलं नाही. मग मात्र त्यांनी दाजींना असं झापलं की मला बरं वाटलं. ही नागीण नाही, गोंदाची ॲलर्जी आहे, आणि वर सोल्युशननं आणि डिझेलनं कातडी भाजलीय. पुरतं भरून येईपर्यंत तिथं काही चिकटवायचं नाही. पुढं कधी गोंद वापरायचाच झाला तर कातडीसाठी केलेलाच, तोही आधी थेंबभर कोपराच्या आत लावून दोन दिवस बघायचं. झोपताना काढून ठेवायचं. "आणि काढताना ओढायचं नाही," त्या म्हणाल्या, माझ्याकडं बघत. "कडेला तेल सोडायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं. आपोआप सुटतं."

परतताना अक्का मागं बसली होती, दाजी माझ्या शेजारी. काटेवाडी मागं पडल्यावर दाजी हळूच म्हणाले, "तुमीच म्हनला हुता म्हनं, टकल्याला बहीण देत न्हाय. मध्यस्थानं सांगितलं मला. मला शालन आवडली हुती." बस, एवढंच. आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. भांडायला मला येतं. राग नव्हता, म्हणून मी गिअर बदलला.

मावशींनाही तेच सांगितलं गेलं, मोळी पडली. गावालाही तेच. दाजींनी नंतर विग रोजचा सोडला. साधी टोपी घालायला लागले. लग्नकार्याला तेवढा विग, तोही गोंदाशिवाय, वर फेटा करकचून बांधून. फाटलेली कड अक्कानं काळ्या दोऱ्यानं शिवून दिली होती. माझ्या दुकानात आले की टोपी काढून पंख्याखाली बसायचे आणि चट्टा खाजवत म्हणायचे, "दत्ताभाऊ, केसाचं तेल वाचलं बघा आमचं." मी हसायचो आणि आतून जळायचो. माफी मागायची म्हणून मी एकदा मनाची पुरी तयारी केली होती. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं, ते बघायला आम्ही दोघंच भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो होतो. कळसापाशी मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी मी..." ते लगेच म्हणाले, "पानी लय उतरलंय औंदा." आणि पुढं चालू लागले. माफी द्यायला लागू नये म्हणून त्यांनी ती मागूच दिली नाही, असं मी तेव्हा समजलो. आता वाटतं, मीही तेवढ्यावर खूश झालो होतो.

खरा घाव दाजींच्या सुतकाच्या दिवसांत बसला. मावशी कोपऱ्यात बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या. "पयल्या मोळीनं सोडला, दुसरीनं नेला. मला कळाया पायजे हुतं. तवाच ट्रॅक्टर इकाया लावला असता तर माझं लेकरू असतं. म्या न्हाय लावला. म्याच मारला त्येला." आठ वर्षं ही बाई हंगाम सुरू झाला की ट्रॉलीला लिंबू-मिरची बांधायची आणि हात जोडायची, "भरल्या ट्रॉलीखाली जाऊ नगंस, बाबा, तिनं तुला एकदा हेरलंय." दाजी हसायचे. हसणारच, त्यांना ठाऊक होतं पहिली मोळी कधी पडलीच नव्हती. खरोखर पडली असती तर त्या दिवशी ते खाली वाकले असते का?... हा विचार एकदा डोक्यात शिरला तो गेला नाही. मी दुकानात गिऱ्हाइकांच्या अंगावर जायला लागलो, घरी ताट भिरकावलं. बायको म्हणाली, "कुनाचा राग कुनावर काढताय?"

गेल्या आठवड्यात कोऱ्हाळ्याला गेलो. अक्का चुलीपाशी होती, मावशी दारात. त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं, "म्याच मारला..." मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "मावशी, पहिली मोळी पडलीच नव्हती. तो चट्टा मी केलाय. विग ओढून. वर मारलं पण. दाजी माझ्यासाठी खोटं बोलले." घरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मावशींचा हात पुढं आला आणि त्यांनी माझे केस धरले. माझे केस दाट आहेत, घराण्यातच आहेत. सत्तरीच्या हाताला इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी ओढलं, मान वाकडी झाली, पुन्हा ओढलं, कपाळ उंबऱ्यावर आपटलं. घशातून नुसता आवाज येत होता. मी हात वर केला नाही. अक्कानंही सोडवलं नाही. शेवटी त्यांच्या मुठीत माझ्या केसांचा झुबका तेवढा राहिला. त्या धापा टाकत त्याच्याकडं बघत होत्या.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"खोटं बोलू नगंस. त्येला लय दुखलं आसंल."

"व्हय, मावशी. लय दुखलं."

मग त्या रडल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा "म्याच मारला" म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं भिंत धरून उठल्या, आत गेल्या आणि उपड्या कळशीवर ठेवलेला विग कळशीसकट घेऊन आल्या. दाजी तो असाच ठेवायचे, आकार बिघडू नये म्हणून. मधला भांग अजून तसाच होता. पुढच्या जाळीला अक्काचा काळा दोरा, आणि दोऱ्याच्या कडेनं आठ वर्षांपूर्वीचं सोल्युशन, वाळून पिवळं झालेलं, कुणीच कधी न काढलेलं. त्यात काय काय अडकलंय ते मला दिसत होतं. मावशींनी तेलाची बाटली माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "काढ ते. तूच काढ."

मी कडेकडेनं तेल सोडलं. बोट सवयीनं जाळीच्या टोकाला गेलं, ते मी मागं घेतलं.

"आता?" मावशींनी विचारलं.

"आता थांबायचं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, दहा मिनिटं तरी मुरू द्यायचं. ओढायचं नाही."

"मग बस," त्या म्हणाल्या.

कळशी मांडीवर घेऊन मी बसलो.